खडक चढणारी रिमोटची गाडी कमी खर्चात कशी बांधावी

खडकांवरून माणसाच्या चालीने किंवा त्याहूनही हळू, एकेक चाक जपून टाकत चढणाऱ्या रिमोट कंट्रोल गाडीला रॉक क्रॉलर म्हणतात. पुण्यासारख्या शहरात, जिथे घरातून निघून अर्ध्या-पाऊण तासात बेसाल्टच्या उघड्या कातळावर पोहोचता येते, तिथे हा छंद विशेष रुजण्यासारखा आहे. परदेशी कंपनीची तयार गाडी मागवली, तर आयातशुल्कासह तिची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जाते. मात्र काही भाग विकत घेऊन आणि काही स्वतः बनवून १५ ते १८ हजार रुपयांच्या अंदाजपत्रकात चांगली चढणारी गाडी उभी करता येते. भागांच्या किमती सतत बदलत असल्यामुळे आकड्यांपेक्षा खर्चाची वाटणी सांभाळावी. जिथे दाते एकमेकांत फिरतात आणि जिथे टायर खडकाला भिडतो तिथे पैसा घालावा. चासी (गाडीचा सांगाडा), लिंक (चाकांचा आस चासीला धरणाऱ्या दांड्या) आणि बॉडी या गोष्टी घरी कराव्यात. सुमारे एक तृतीयांश रक्कम ॲक्सल (चाकांचा आस) आणि गिअरबॉक्सला, तेवढी किंवा थोडी अधिक रेडिओ (हातातला रिमोट), स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) आणि सर्वोला (चाके वळवणारी छोटी मोटर), आणि उरलेली टायर, शॉक ॲब्सॉर्बर, बॅटरी आणि चार्जरला, अशी ही वाटणी असावी.

आधी माप ठरवा

पहिली गाडी १:१० या प्रमाणात, ३१३ मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले अंतर) आणि १.९ इंची रिमची बांधावी. या मापाचे ॲक्सल, रिम, टायर, गिअर आणि शॉक वेगवेगळ्या उत्पादकांकडून मिळतात आणि बऱ्याच अंशी एकमेकांच्या जागी बसतात, त्यामुळे एखादा भाग तुटला तर सारी गाडी अडून राहत नाही. १:१६ मापाचे स्वस्त तयार संच मोहात पाडतात; पण त्यांतले प्लास्टिकचे गिअर आणि छोटी मोटर बदलत गेल्यास खर्च हळूहळू मोठ्या गाडीएवढाच होतो, हे लक्षात ठेवावे.

ॲक्सल आणि गिअरबॉक्स विकत घ्यावेत

हे दोन भाग घरी बनवण्याच्या भरीस पडू नये. क्राउन व्हील (ॲक्सलमधले मोठे दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारे छोटे दातेरी चाक) यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाने चुकले तरी दाते लवकर झिजतात. एससीएक्स१० या प्रचलित क्रॉलर गाडीच्या पद्धतीचे, धातूच्या घराचे पुढचे-मागचे ॲक्सल ऑनलाइन सहज मिळतात. ते घेताना डिफरन्शिअल (दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची जोडणी) 'लॉक' आहे, म्हणजे दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात, याची खात्री करावी. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक हवेत उचलले गेले की ते मोकळे गरगर फिरते आणि जमिनीवरच्या चाकाकडे जोर पोहोचत नाही. खडकावर चाक उचलले जाणे हे तर नेहमीचेच, म्हणून तिथे लॉक ॲक्सलच हवा. वळणाचा घेर त्यामुळे थोडा वाढतो, पण ती किंमत मोजण्यासारखी आहे. नवा ॲक्सल उघडून आत ग्रीस आहे की नाही ते पाहावे. स्वस्त ॲक्सल अनेकदा कोरडेच येतात.

मोटर ५४० आकाराची, ब्रश असलेली, ३५ ते ५५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) घ्यावी. वेढे जितके जास्त तितकी मोटर सावकाश फिरते आणि कमी वेगावर तिचा ताबा चांगला राहतो. मोटरपासून चाकापर्यंत एकूण गती ३५ ते ४५ पटींनी कमी व्हावी. हिशेब सोपा आहे. समजा, मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेते आणि एकूण कपात ४० पट आहे. तर चाक मिनिटाला ३०० फेरे घेईल. १०० मिलिमीटर व्यासाच्या टायरचा परीघ सुमारे ३१४ मिलिमीटर असतो, म्हणजे गाडी मिनिटाला साधारण ९४ मीटर, अर्थात ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास जाईल. हा झाला कमाल वेग, आणि क्रॉलरला तो पुरेसा आहे. वेग अधिक भरला तर मोटरवरचा पिनियन एक-दोन दात्यांनी लहान करावा.

चासी

चासीच्या दोन कण्यांसाठी ३ मिलिमीटर जाडीची, २० ते २५ मिलिमीटर रुंदीची आणि सुमारे ४०० मिलिमीटर लांबीची ॲल्युमिनिअमची पट्टी लागते. भोसरी एमआयडीसीच्या परिसरात ओळखीचा कारखाना असेल तर असे तुकडे भंगाराच्या भावाने मिळू शकतात. एरवी रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला, पट्टी, ड्रिलचे बिट, कानस आणि एम३ चे (३ मिलिमीटर जाडीचे) स्क्रू हे सगळे एकाच फेरीत होते. दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून क्लॅम्पने घट्ट आवळाव्यात, पंचने खुणा कराव्यात आणि दोन्हींतून एकदमच ३.२ मिलिमीटरची भोके पाडावीत. वेगवेगळी पाडलेली भोके कितीही काळजी घेतली तरी जुळत नाहीत, आणि ती जुळली नाहीत की चासी पिळलेली राहून गाडी सपाट जमिनीवरही एका बाजूला ओढते. शॉकसाठी एकाऐवजी ओळीने तीन-चार भोके ठेवावीत. पुढे उंची जमवताना ती उपयोगी पडतात.

लिंक आणि सस्पेन्शन: इथे घाई करू नये

प्रत्येक ॲक्सल चासीला चार दांड्यांनी, म्हणजे चार लिंकनी धरलेला असतो. खालच्या दोन लिंक ॲक्सलला मागे-पुढे सरकू देत नाहीत. वरच्या दोन लिंक एका टोकाला जवळ आणि दुसऱ्या टोकाला दूर, अशा तिरक्या बसवल्या की ॲक्सल डाव्या-उजव्या बाजूलाही सरकत नाही. ६ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनिअमची गोल सळई कापून, दोन्ही टोकांना २.५ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात एम३ चे आटे पाडावेत आणि रॉड एंड (सर्व बाजूंना हलू देणारी टोके) बसवावेत. आटे पाडताना टॅपला तेल लावावे आणि दर अर्ध्या फेऱ्यानंतर तो थोडा उलटा फिरवावा, नाहीतर टॅप आत तुटतो. भोक सळईच्या नेमक्या मध्यावर येण्यासाठी खरादीवर काम करून घेणे उत्तम. आठ लिंकचे काम एकत्र दिले तर खर्चही फार येत नाही.

लिंकची लांबी कागदावर ठरवण्यापेक्षा चासी ठोकळ्यांवर इच्छित उंचीवर ठेवून, ॲक्सल ३१३ मिलिमीटर अंतरावर मांडून, प्रत्यक्ष मोजावी. त्याच वेळी मागच्या ॲक्सलचे पिनियनचे तोंड गिअरबॉक्सच्या दिशेने किंचित वर वळलेले असावे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून ॲक्सलकडे जोर नेणारी दांडी) तीव्र कोन पडत नाही. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट बसवताना शाफ्टवरचे दोन्ही योक (जॉइंटचे काटे) एकाच पातळीत आले पाहिजेत. ते काटकोनात बसले तर ॲक्सलकडे पोहोचणारी गती प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होते आणि गाडी थरथरत चढते. हा दोष अनेकदा मोटरच्या माथी मारला जातो, म्हणून आधी योक तपासावेत.

शॉक ९० ते १०० मिलिमीटरचे आणि मऊ स्प्रिंगचे घ्यावेत. गाडी बॅटरीसह उभी केल्यावर शॉक आपल्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश दबलेला असावा, म्हणजे खड्ड्यात चाक खाली उतरून जमीन धरू शकते. आत सिलिकॉनचे शॉक ऑइलच घालावे; खाद्यतेल किंवा इंजिन ऑइल घातल्यास रबरी सील फुगू शकतात.

वीज आणि रेडिओ

स्पीड कंट्रोलर ब्रश मोटरचा, ६० अँपिअर क्षमतेचा आणि क्रॉलरची सोय असलेला घ्यावा. रिमोटचा ट्रिगर सोडताच मोटर आपोआप ब्रेक धरते आणि गाडी उतारावर जागच्या जागी थांबते, ती ही सोय. ती नसेल तर बाकी सारे उत्तम असूनही गाडी खडकावरून मागे घरंगळते. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा असावा. कमी शक्तीच्या अशा उपकरणांना भारतात या पट्ट्यात परवाना लागत नाही. रेडिओ एकदाच घ्यावा आणि चांगला घ्यावा, कारण पुढच्या प्रत्येक गाडीला तोच चालतो.

स्टिअरिंगच्या सर्वोबाबत कंजुषी करू नये. एमजी९९६आर हा सर्वत्र मिळणारा सर्वो ६ व्होल्टवर सुमारे ११ किलो-सेंटिमीटर जोर देतो, पण दोन दगडांच्या बेचक्यात अडकलेले चाक वळवायला तो अपुरा पडतो. २० किलो-सेंटिमीटरचा, धातूच्या गिअरचा सर्वो घ्यावा आणि तो पुढच्या ॲक्सलवरच बसवावा, म्हणजे सस्पेन्शन हलले तरी स्टिअरिंग आपोआप वळत नाही. असा सर्वो अडला की कंट्रोलरमधून मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त वीज खेचतो, व्होल्टेज कोसळते आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. म्हणून ५ अँपिअरचा वेगळा यूबेक (बॅटरीचे व्होल्टेज कमी करून स्थिर देणारा छोटा भाग) जोडावा आणि कंट्रोलरकडून रिसीव्हरकडे जाणारी लाल तार काढून तिचे टोक टेपने झाकावे. यूबेक, एक्सटी६० कनेक्टर, सिलिकॉनच्या तारा आणि मोटरच्या ठिणग्यांचा त्रास दाबणारे १०४ क्रमांकाचे सिरॅमिक कपॅसिटर यांसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत चक्कर टाकावी. तिथे मागायची वस्तू कागदावर लिहून आणि शक्यतो जुना नमुना हातात घेऊन गेल्यास काम पटकन होते.

बॅटरी दोन सेलची लिथियम पॉलिमर, ७.४ व्होल्टची पुरते. कंट्रोलरवर लिथियमची निवड करायला विसरू नये, म्हणजे तो वेळीच वीज तोडतो, कारण सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर कायमचा बिघडतो. सेलचा समतोल राखणाऱ्या चार्जरनेच, समोर बसून आणि जळाऊ वस्तूंपासून दूर चार्जिंग करावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत बंद मोटारीत बॅटरी ठेवणे धोक्याचे आहे.

जोडणी झाल्यावर चाके जमिनीपासून उचलून आधी रेडिओ आणि मग गाडी सुरू करावी. सिग्नल तुटल्यास थ्रॉटल (मोटरला दिलेला वेग) शून्यावर येईल असा फेलसेफ लावावा. चाके पूर्ण वळल्यानंतरही सर्वो गुणगुणत राहत असेल, तर रेडिओवरून त्याच्या हालचालीची मर्यादा कमी करावी.

टायर, वजन आणि बॉडी

टायर मऊ रबराचे आणि आत मऊ फोम असलेले हवेत. बोटाने दाबल्यावर ते सहज दबले पाहिजेत. मग वजनाकडे वळावे. गाडीचे ५५ ते ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर आणि शक्य तितके खाली असावे. मोटारीच्या टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगसाठी मिळणारी चिकटणारी वजने पुढच्या रिमच्या आत गोल लावली की हे काम अत्यंत स्वस्तात होते. प्रत्येक रिमला ५० ग्रॅमपासून सुरुवात करावी. स्वयंपाकघरातील काट्यावर पुढची चाके आणि तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर मागची चाके ठेवून वजनाची वाटणी मोजता येते.

वजन खाली ठेवण्याचा फायदा किती होतो, तेही पाहावे. दोन्ही बाजूंच्या टायरमधले अंतर २०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० मिलिमीटरवर असेल, तर गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडते. तोच ७५ मिलिमीटरवर आणला तर ती ५३ अंशांपर्यंत तग धरते. म्हणूनच बॅटरी पुढे आणि खाली बसवावी, आणि बॉडी हलकी ठेवावी. आर्किटेक्चरचे विद्यार्थी मॉडेलसाठी वापरतात तो ३ मिलिमीटरचा पीव्हीसी सनबोर्ड यासाठी चांगला. तो कटरने कापता येतो आणि फेविक्विकने पक्का चिकटतो.

टेकडीवर

वेताळ टेकडीवरील जुन्या खाणीच्या परिसरात पायऱ्यांसारखे फुटलेले कातळ आणि मोकळा मुरूम असे दोन्ही प्रकार जवळजवळ मिळतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांची वाट अडवू नये, गवतात आणि झुडपांत गाडी घालू नये, उघड्या खडकावरच राहावे, आणि वनखात्याच्या सूचना पाळाव्यात. कोरडा बेसाल्ट टायरला छान धरतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ आले की तोच दगड हात टेकू देत नाही, तेव्हा अवघड चढ हिवाळ्यासाठी राखून ठेवावेत. चढताना थ्रॉटल एकदम दाबू नये. चाक घसरले तर थांबून थोडे मागे यावे आणि दिशा बदलून पुन्हा चढावे.

घरी परतल्यावर चिखल ब्रशने काढून बेअरिंगला हलके तेल द्यावे आणि प्रत्येक स्क्रू एकदा आवळून पाहावा. धातूत बसणाऱ्या स्क्रूंना निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावावे, मात्र ते प्लास्टिकला लागू देऊ नये, कारण त्याने प्लास्टिक तडकू शकते. गाडी आठवडाभर चालवायची नसेल, तर बॅटरी प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी.