मल्टिपाथ लावलात? आधी रीबूट करा

सर्व्हरचं काम शिकायचं तर हुतात्मा एक्सप्रेस धरून पुणं गाठायला हवं, असं सोलापुरात आम्हाला सगळ्यांनीच ऐकवलंय. मला ते पटत नाही. मल्टिपाथ, म्हणजे स्टोरेजच्या एकाच डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते लिनक्समध्ये एकत्र बांधणं, इथं बसून शिकता येतं.

सर्व्हरच्या एचबीएचे (सॅनला, म्हणजे स्टोरेजच्या नेटवर्कला जोडणारं कार्ड) दोन पोर्ट, दोन स्विच, स्टोरेजचे दोन कंट्रोलर, म्हणून एकच लन (स्टोरेजनं दिलेली डिस्क) एसडीबी ते एसडीई अशा नावांनी चार वेळा दिसतो. हे तुम्हाला माहीत असेलच. रस्ते दाखवणाऱ्या ‘मल्टिपाथ -एलएल’ या कमांडला चारही ओळींवर ‘अ‍ॅक्टिव्ह रेडी रनिंग’ दिसलं की काम संपलं असं वाटतं. संपलेलं नसतं.

माझा घात इथंच झाला. इनिट्रॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइलसिस्टिम) मल्टिपाथ नसेल, तर बूट होताना एलव्हीएम (डिस्क एकत्र करून व्हॉल्यूम ग्रुप आणि त्यातून लॉजिकल व्हॉल्यूम बनवणारं सॉफ्टवेअर) आधी जागं होऊ शकतं. त्याला एसडीबीवर आपला व्हॉल्यूम ग्रुप दिसतो आणि ते थेट तीच डिस्क धरतं. मागून मल्टिपाथडी (मल्टिपाथची सेवा) येतो, पण डिस्क गुंतलेली. एमपाथए, म्हणजे चारही रस्त्यांची मिळून एक डिस्क, तयारच होत नाही. डेटाबेस चालतो, बॅकअप चालतो, कुणाला पत्ता लागत नाही. मग एक केबल निघते आणि फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होते. बाकीचे तीन रस्ते शाबूत असून उपयोग शून्य.

म्हणून रीबूटनंतर ‘एलएसबीएलके’ (कोणत्या डिस्कखाली काय आहे ते दाखवणारी कमांड) बघा. एसडीबीखाली एमपाथए आणि त्याखाली लॉजिकल व्हॉल्यूम हवा. एसडीबीखाली थेट लॉजिकल व्हॉल्यूम दिसला तर थांबा. एलव्हीएमनं कोणत्या डिस्क बघायच्या ते ठरवणाऱ्या फिल्टरमध्ये सॅनच्या डिस्कसाठी फक्त एमपाथची नावं ठेवा (रेड हॅट ९ मध्ये फिल्टरऐवजी डिव्हायसेस फाइल बघायची), मग इनिट्रॅमएफएस नव्यानं बनवायला ‘ड्रॅकट --फोर्स --अ‍ॅड मल्टिपाथ’, पुन्हा रीबूट, पुन्हा तीच तपासणी. घाबरू नका, डेटा जागेवरच असतो.

दुसऱ्या सर्व्हरची मल्टिपाथ.कॉन्फ (मल्टिपाथची सेटिंग फाइल) उचलून टाकू नका. तिच्यातल्या ‘नो_पाथ_रीट्राय क्यू’ या एका ओळीनं सगळे रस्ते गेल्यावर आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) अडकून राहतो, प्रोसेस डी स्टेटमध्ये (मारताही न येणाऱ्या वाट बघण्यात) जातात, डिस्कवरची जागा दाखवणारं साधं ‘डीएफ’सुद्धा अडकू शकतं. क्लस्टरला तर ते मुळीच नको. आणि तुमच्या हातातला कीबोर्ड काढून घेणाऱ्या सिनियरकडून शिकायला जाऊ नका. शेजारी बसून ‘आता काय दिसतंय, वाच’ म्हणणारा शोधा.

सॅन नाही म्हणून अडू नका. घरच्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन, एकीवर टार्गेटसीएलआय या टूलनं आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून मिळणारा) लन, मध्ये वेगवेगळ्या सबनेटची दोन नेटवर्क कार्डं. त्या लनवर मोठी फाइल कॉपी होत असताना एक कार्ड बंद करा. कॉपी थोडा वेळ अडेल, मग पुढे सरकेल. कार्ड परत चालू केल्यावर ‘फेल्ड’ झालेला रस्ता पुन्हा ‘अ‍ॅक्टिव्ह’ होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.