आधी कोपराची जागा ठरवा, मग टाइम ट्रायलचा हँडलबार घ्या

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली, पाऊस जरा ओसरला की दरवर्षी दोघे-तिघे तरी डिचोलीला माझ्या घरी सायकल घेऊन येतात. पणजीची हाफ आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी ट्रायथलॉन शर्यत, तोंडावर आलेली असते. फ्रेम कुठून तरी सेकंडहँड मिळवलेली असते आणि हँडलबार नुकताच खोक्यातून निघालेला असतो. कार्बनचा, चपटा, केबल कुठेच न दिसणारा. बसवून बघितला की खांदे कानाला लागतात आणि मान दहाव्या मिनिटाला दुखायला लागते. बहुतेक वेळा मला एकच सांगावं लागतं, हा विका आणि दुसरा घ्या. ते सांगताना वाईट वाटतं, कारण त्यात माणसाचा महिन्याचा पगार गेलेला असतो.

चूक एकाच ठिकाणी होते. लोक आधी बार निवडतात आणि मग शरीर त्यावर बसवायला जातात. टाइम ट्रायल म्हणजे एकट्याने घड्याळाशी केलेली शर्यत, तिच्या बारवर दोन पॅड असतात आणि त्यांवर कोपर टेकून वाकून बसायचं असतं. ते कोपर कुठे टेकणार हे आधी ठरायला हवं. ते ठरलं की बाजारातले निम्मे बार आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून निवडणं सोपं जातं.

पायरी १ : पूर्ण सेट लागतोच का?

पूर्ण सेट म्हणजे हाताने धरायचा आडवा बेसबार, त्यावर कोपराचे पॅड आणि पुढे निघणाऱ्या दोन नळ्या, म्हणजे एक्स्टेन्शन. वर्षातून एकदाच शर्यतीचे ९० किलोमीटर चालवणार असाल आणि एरवी रविवारी चोर्ला घाट चढणार असाल, तर रोड बाइकच्या ड्रॉपबारवर (खाली वळलेल्या नेहमीच्या बारवर) क्लिप-ऑन एरोबार, म्हणजे वरून आवळायचे पॅड आणि एक्स्टेन्शन, लावा आणि पैसे वाचवा. फक्त स्टेमच्या (बारला फोर्कशी जोडणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना बार गोल, ३१.८ मिलिमीटरचा आहे का ते बघा. वरून चपटा एरो ड्रॉपबार असेल तर साधे क्लिप-ऑन बसत नाहीत. काही हलक्या बारवर कंपनीच क्लिप-ऑन लावायला मनाई करते. पुढचं सगळं वेगळी टाइम ट्रायल सायकल बांधणाऱ्यांसाठी.

पायरी २ : सीट

आधी सीट पक्की करा, बारला नंतर हात लावा. टाइम ट्रायलमध्ये सीट रोड बाइकपेक्षा पुढे येते, आणि ती हलली की समोरची सगळी मापं हलतात.

पायरी ३ : कोपराची जागा

मी इथेच अडलो होतो, त्यामुळे इथे सावकाश जाऊ.

माझ्या पहिल्या बांधणीत एका अनुभवी सायकलस्वाराने सल्ला दिला होता, जितका खाली तितका वेग. मी तो मानला. स्टेमखालचे सगळे स्पेसर (उंची देणाऱ्या चकत्या) काढले, फोर्कची नळी, जिच्यावर स्टेम बसतो, ती कापून घेतली आणि एक सुंदर एकसंध कार्बन सेट बसवला. फोटोत सायकल देखणी दिसायची. शर्यतीत ६० किलोमीटरनंतर मला मान उचलता येईना. उरलेलं अंतर मी बेसबार धरून, छाती वाऱ्याला देऊन काढलं. त्यापेक्षा पॅड दोन सेंटीमीटर उंच ठेवून ९० किलोमीटर वाकून बसलो असतो तर कितीतरी आधी पोहोचलो असतो. घरी येऊन पॅड वर घ्यायला गेलो, तर त्या सेटला २० मिलिमीटरपेक्षा जास्त रायझर (पॅड उंच करणारे ठोकळे) लागतच नव्हते. स्टेम वर घ्यावा तर नळी कापलेली. नवीन फोर्क घ्यावा लागला.

सपाट रस्त्यावर ३५-४० च्या वेगाने जाताना तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या हवेला सगळ्यात जास्त अडवतं ते तुमचं शरीर. बारचा आकार त्या मानाने किरकोळ आहे. १९८९ च्या तूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँड शेवटच्या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलला ५० सेकंदांनी मागे होता आणि स्पर्धा ८ सेकंदांनी जिंकला. त्याच्या सायकलवर एरोबार होते, तोवर आघाडीवर असलेल्या लोराँ फिन्योंच्या सायकलवर नव्हते. पण त्या बारचा उपयोग झाला तो लेमाँडला शेवटपर्यंत त्यावर टिकून राहता आलं म्हणून. जी बैठक टिकत नाही ती बैठक वेगवान नाही.

जागा शोधायची रीत अशी. समायोजन करता येतील असे स्वस्त ॲल्युमिनियमचे क्लिप-ऑन घ्या, नसतील तर कुणाचे तरी मागून आणा. सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) चढवा. पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळा ठेवून दोन्ही चाकांचे आस एका पातळीत आणा. गोव्यात हे काम पावसाळ्यात उरकायला सोयीचं, एवीतेवी जून ते सप्टेंबर सायकल घरातच असते. सुरुवातीला पॅड उंच ठेवा. दंड आणि धड यांच्यात साधारण काटकोन हवा. शर्यतीत लावाल तेवढा जोर लावून २० मिनिटं चालवा. जमलं तर ५ मिलिमीटर खाली घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. मग ४० मिनिटं, मग तासभर. २० मिनिटांत सगळ्यांनाच सगळं जमतं, खरं काय ते तासानंतर कळतं.

शरीर काय सांगतंय ते ऐका. दंड थरथरत असतील तर पॅड फार पुढे आहेत. सारखे सीटच्या टोकाकडे घसरत असाल तर पॅड लांब किंवा फार खाली आहेत, नाहीतर सीटचा कोन चुकलाय. बोटं एक्स्टेन्शनला आवळून धरत असतील तर पुढचं टोक थोडं वर उचला. १० ते १५ अंश वर केलं की हाताचा पंजा सैल पडतो आणि वजन हाडावर येतं. चष्म्याच्या वरच्या काठातून रस्ता बघावा लागत असेल तर तुम्ही फार खाली आहात. इथल्या रस्त्यावर गुरं आडवी बसलेली असतात, ती वेळेत दिसायला हवीत.

दोन पॅडमधलं अंतर पहिल्याच दिवशी अरुंद करू नका. केंद्रापासून केंद्रापर्यंत २२ सेंटीमीटरच्या आसपास सुरू करा. पॅड अरुंद केले की हवा कमी लागते, पण सायकल चंचल होते आणि काहींचा श्वास अडतो. झुवारी पुलावर आडवा वारा लागला की हा फरक पोटात गोळा आणून समजावतो.

बैठक ठरली की मोजायची. मी यासाठी आमच्या वाड्यावरच्या सुताराकडून ओळंबा आणतो. सायकल ट्रेनरवरून उतरवा, टायरमध्ये हवा भरा, सपाट लादीवर भिंतीला टेकवून सरळ उभी करा. पॅडच्या मागच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि लादीवर खडूची खूण करा. मग बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस जिथे फिरतो त्या भागाच्या) मध्यावरून सोडा, दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पॅड रीच. उंचीसाठी लादीपासून पॅडच्या माथ्यापर्यंत मोजा, त्यातून लादीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंतची उंची वजा करा. हा पॅड स्टॅक. माझे आकडे ६३२ आणि ४३८ मिलिमीटर आहेत, स्टॅक आधी. ते मी सायकलच्या डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवलेत.

आता गणित. समजा फ्रेमचा स्टॅक, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उंची, ५१०. त्यावर हेडसेटचं (फोर्कच्या बेअरिंगचं) झाकण १० आणि आडव्या स्टेमचा मध्य आणखी २० वर, म्हणजे बारचा मध्य ५४० वर आला. मला ६३२ हवेत. म्हणजे पॅड बारच्या मध्यापासून ९२ मिलिमीटर वर हवा. एखाद्या बारचा पॅड रायझरशिवाय ५५ वर बसत असेल तर मला ३७ चे रायझर लागणार. जो सेट २० च्या वर जात नाही तो माझ्यासाठी बाद, मग तो कितीही हलका असो. एवढी वजाबाकी मी तेव्हा केली असती तर तो फोर्क वाचला असता.

दोन गोष्टी इथेच सांगतो. काही कंपन्या रीच पॅडच्या मागच्या कडेपर्यंत देतात, काही पॅडच्या मध्यापर्यंत. आकृती बघितल्याशिवाय आकड्यावर विसंबू नका. आणि स्टेमखाली स्पेसर घातले की बार नुसता वर जात नाही, फोर्कच्या तिरक्या नळीवरून मागेही येतो. दर १० मिलिमीटरला साधारण ३ मिलिमीटर. उंची शक्यतो पॅडखालच्या रायझरने मिळवा. फोर्कची नळी मात्र महिनाभर चालवल्याशिवाय कापायची नाही. दुकानदार कितीही म्हणाला तरी नाही.

पायरी ४ : बेसबार

सरळ घ्या, खाली झुकलेला नको. झुकलेला बेसबार बंद रस्त्यावरच्या शर्यतीसाठी ठीक आहे, पण म्हापशाच्या वाटेवर समोर स्कूटर वळली की तुम्ही ब्रेककडे झेपावता, आणि पॅडपासून ब्रेक जितका खाली तितका उशीर. साहित्य ॲल्युमिनियम. कार्बनने काही ग्रॅम वाचतात, किनारपट्टीच्या रस्त्यावर ते जाणवतही नाहीत. तो पैसा चांगल्या टायरवर घाला.

पायरी ५ : एक्स्टेन्शन

एस आकाराचे घ्या. बहुतेकांच्या मनगटाला ते मानवतात. सरळ नळीवर मनगट मुडपतं, फार वर वळलेल्यांची सवय व्हायला वेळ लागतो. २२.२ मिलिमीटरचे घेतले की पुढे बदलता येतात.

पायरी ६ : ब्रेक आणि गिअर

ड्रॉपबारचे ब्रेक-शिफ्टर बेसबारवर लावायचे नसतात. इथे नळीच्या टोकात खुपसायचे वेगळे लिव्हर लागतात. फ्रेम हायड्रॉलिक डिस्कची असेल तर लिव्हरही हायड्रॉलिक टाइम ट्रायलचेच हवेत. ते महाग असतात आणि चटकन मिळत नाहीत, म्हणून फ्रेम घेतानाच त्यांची किंमत हिशेबात धरा. गिअरसाठी परवडत असेल तर वायरलेस इलेक्ट्रॉनिक. नसेल तर एक्स्टेन्शनच्या टोकाला बसणारे साधे बारएंड शिफ्टर, आणि केबल शक्य तितकी बाहेरून, मोठ्या वळणाने न्या. बारच्या आतून दोन काटकोनांत वळवलेली केबल आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात जड होते.

पायरी ७ : बसवताना

या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. वाकून बसलं की कपाळाचा घाम थेट स्टेमवर आणि पॅडच्या बोल्टवर टपकतो. त्यात समुद्राची खारी हवा. मडगावच्या एका मित्राच्या सायकलचा पॅड-बोल्ट दोन वर्षांत असा धरला की ॲलन की फिरवताच डोकं गोल झालं. ड्रिलने कोरून काढावा लागला, त्यात क्लॅम्पही गेला. म्हणून प्रत्येक बोल्ट स्टेनलेसचा, आट्यांना ग्रीस. कार्बनच्या पृष्ठभागाला मात्र ग्रीस नाही, तिथे कार्बन पेस्ट. टॉर्क रेंच वापरा, बोल्टजवळ जो आकडा छापलाय तोच. स्टेमच्या पुढच्या झाकणावर बहुधा ५ न्यूटन मीटर असतात. चारही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

हाताने अंदाजे आवळलेला पॅड माझ्याच सायकलवर एका गतिरोधकावर खाली फिरला होता. पुढचं चाक हातभर सरकलं आणि बाजूने टेम्पो चालला होता. तेव्हापासून चांदीच्या मार्करने प्रत्येक जोडावर रेघ मारतो. रेघ तुटलेली दिसली की जोड हललाय.

ट्रेनरवर चालवताना स्टेमवर जुना टॉवेल टाका. दर आठवड्याला गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. वर्षातून दोनदा टेप उकलून ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलीय का बघा. भुकटीखाली खड्डे पडले असतील तर बार बदला.

पायरी ८ : रस्त्यावर

पहाटे साडेपाचला पणजी-रायबंदर कॉजवे बरा. तीनेक किलोमीटर सरळ, बाजूला मांडवी, चढ नाही. उजाडून रहदारी सुरू होण्याआधी चार फेऱ्या मारा. पहिल्या दिवशी फक्त पॅडवरून ब्रेकवर हात नेण्याचा सराव, दहा-वीस वेळा. सरळ रेषेत जमलं की मग वेग.

सायकलिंग महासंघाच्या टाइम ट्रायलला उतरणार असाल तर मापांवर मर्यादा आहेत. १८० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या स्वारासाठी बॉटम ब्रॅकेटपासून एक्स्टेन्शनच्या टोकापर्यंत आडवं अंतर ८० सेंटीमीटरच्या आत लागतं. ट्रायथलॉनचे नियम वेगळे, शर्यतीचं नियमपत्रक वाचा.

महिना झाला, काहीच दुखत नाही, पॅड हलवावासा वाटत नाही, तेव्हा एक्स्टेन्शन कापा. हात सैल ठेवून शिफ्टर बोटाखाली येईल तिथे खूण करा आणि खुणेपेक्षा एक सेंटीमीटर लांब कापा, उरलेला नंतर काढता येतो. कार्बन असेल तर मास्किंग टेप गुंडाळा, बारीक दातांचं करवतीचं पातं आणि पाणी वापरा, तोंडाला मास्क लावा. नळीचं टोक उघडं राहू देऊ नका. शिफ्टर नसेल तर बूच बसवा. उघड्या नळीने पडताना मांडीत खोल जखम होते, आणि ट्रायथलॉनच्या तपासणीत उघड्या टोकाची सायकल आत घेत नाहीत. दोन-चार जादा बुचं मी सीटखालच्या पिशवीत ठेवतो.