जुनी आरव्ही आणि '१० वर्षांचा नियम': माझा अनुभव

आमची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी (आरव्ही), २००४ची. फ्लोरिडातल्या खासगी आरव्ही पार्कच्या (अशा गाड्या लावून राहायची जागा) ऑनलाइन बुकिंगमध्ये मॉडेलचं वर्ष टाकलं की नकार: गाडी १० वर्षांच्या आतली हवी. तारखा बदलल्या, वर्षाचा रकाना रिकामा सोडला, उपयोग शून्य. जाम वैताग आला.

जमलं ते असं. आधी गाडी धुतली, पिवळे पडलेले हेडलाइट घासून काढले, उसवलेला ऑनिंग (गाडीच्या बाजूचं कापडी छत) बदलला. मग चारही बाजूंचे ताजे फोटो. बुकिंग न करता थेट ऑफिसला फोन. वर्ष आपणहून सांगितलं, फोटो ईमेलने पाठवले. होकार लेखी मागितला, पैसे त्यानंतरच भरले. (त्या होकाराची प्रिंट गेटवर दाखवावी लागलीच.)

परतीला स्टेट पार्कात (राज्य सरकारच्या उद्यानात) राहिलो. तिथे गाडीचं वय कुणी विचारलं नाही, लांबी विचारली. ती फुटांत मोजून ठेवा.