कॅडेन्सचं चिन्ह लुकलुकत राहतं, आकडा येत नाही: माझा अनुभव

सायकल कॉम्प्युटरवर वेग येतो, हृदयाचे ठोके येतात, पण कॅडेन्सच्या, म्हणजे मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात त्या आकड्याच्या, जागी नुसत्या रेघा. आर्वीहून कौंडण्यपूरकडे निघालं की दर वेळी हेच. जीव अगदी मेटाकुटीला आला होता. नवी सीआर २०३२ बॅटरी टाकली, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, कॅडेन्सचा सेन्सर घट्ट बसवला, फरक शून्य.

माझ्या कॉम्प्युटरवर स्थिर चिन्ह म्हणजे सेन्सर जोडलेला, लुकलुकणारं म्हणजे शोध चालू. सेन्सरच्या यादीत नाव दिसतं, पण त्याचा अर्थ ओळख साठवलेली आहे, इतकाच. जोडणी आत्ता आहे की नाही, ते चिन्हच सांगतं.

खरी अडचण खिशातल्या मोबाईलची. बरेच सेन्सर ब्लूटूथवर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात, आणि मोबाईलमधलं अ‍ॅप तो आधीच पकडून बसायचं. अँट प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीवर मात्र सेन्सर सगळ्यांसाठी प्रसारण करतो, कितीही यंत्रं ऐकू शकतात.

आता नेमका क्रम. आधी मोबाईलचं ब्लूटूथ बंद. मग कॉम्प्युटरच्या यादीतून जुना सेन्सर काढून टाका. पेडल काही फेरे फिरवा, कारण थांबलेला सेन्सर झोपतो आणि झोपलेला सापडत नाही. पेडल फिरतं ठेवूनच नवा सेन्सर शोधा. एकच सेन्सर दोनदा दिसला तर अँट प्लसची नोंद निवडा. चिन्ह स्थिर झालं, आकडा आला, की मगच मोबाईलचं ब्लूटूथ चालू करा.

कॉम्प्युटरला अँट प्लस नसेल, तर मोबाईलच्या अ‍ॅपमधून तो सेन्सर कायमचा काढा.