कोल्हापूरच्या फाउंड्री पट्ट्यात कार्बन कमी करण्याचे प्रशिक्षण कसे उभारावे

शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कामाबरोबर वाढलेला कोल्हापूरचा ओतकाम उद्योग आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत पसरलेला आहे. पंप, ट्रॅक्टर, ट्रक आणि मशीन टूल यांचे बिडाचे भाग येथून देशभर आणि परदेशातही जातात. या उद्योगाकडे आता दोन बाजूंनी कार्बनचा हिशोब मागितला जात आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमाप्रमाणे २०२२-२३ पासून बीआरएसआर हा पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे मोठे ग्राहक आपल्या पुरवठादारांकडून विजेचे आणि इंधनाचे आकडे मागू लागले आहेत. दुसरीकडे, युरोपीय संघाची सीबॅम ही आयातीवरील कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष अमलात आली असून बिडाच्या काही ओतीव वस्तू तिच्या यादीत येतात.

अशा वेळी बहुतेक कारखान्यांत पहिला विचार नव्या यंत्राचा किंवा छपरावरच्या सोलरचा होतो. माझे मत असे की सुरुवात भट्टीच्या ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या प्रशिक्षणापासून व्हावी, कारण टनामागे किती युनिट जळणार हे त्याच्या हातांवर बरेच अवलंबून असते आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च कोणत्याही यंत्रापेक्षा कमी असतो. उद्योजक संघटना, आयटीआयचे निदेशक आणि मध्यम आकाराच्या फाउंड्रीचे मालक यांनी हे प्रशिक्षण कसे उभे करावे, याची मांडणी पुढे केली आहे.

आधी एक आकडा ठरवा

प्रशिक्षणाचा परिणाम मोजता आला नाही तर ते दोन महिन्यांत विस्मरणात जाते. म्हणून पहिल्या दिवसाच्या आधीच एक माप निश्चित करावे: एक टन चांगल्या कास्टिंगमागे भट्टीने वापरलेली वीज. येथे वितळलेल्या टनाचा आकडा धरू नये. ग्राहकाकडे जाणाऱ्या, तपासणीत पास झालेल्या टनाचाच आकडा धरावा.

या भेदाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, भट्टी वितळलेल्या टनाला ६०० युनिट घेते, रनर-रायझर (साच्यात धातू पोहोचवणाऱ्या वाटांत गोठलेला भाग) वजा जाता ६० टक्के धातू कास्टिंगमध्ये उतरतो आणि रिजेक्शन, म्हणजे नापास माल, ८ टक्के आहे. या हिशोबाने चांगल्या टनामागे सुमारे १,०८७ युनिट पडतात. भट्टीला हातही न लावता रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणले तर हाच आकडा सुमारे १,०४२ होतो. महिन्याला २०० टन चांगला माल पाठवणाऱ्या कारखान्यात ही बचत सुमारे ९,००० युनिटची आहे. देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर दरमहा सहा टनांहून अधिक उत्सर्जन टळते. शिवाय यात वाळू, कोअर (कास्टिंगमधील पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) आणि फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणे) यांवर वाया गेलेली मेहनत धरलेलीच नाही.

हा आकडा काढण्यासाठी भट्टीच्या पॅनेलवर स्वतंत्र मीटर हवा. कंप्रेसर आणि सँड प्लँट यांनाही शक्य असल्यास वेगळे मीटर बसवावेत. महावितरणच्या एकाच बिलावरून कोठे काय जळते हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ज्याचा आकडा समोर नाही ते काम सुधारल्याचे समाधानही कामगाराला मिळत नाही.

वीज आणि कोक यांचा प्रामाणिक हिशोब

प्रशिक्षणाच्या पहिल्याच सत्रात एक गैरसमज दूर करावा. कोकवर चालणारी क्युपोला भट्टी बंद करून विजेवरची इंडक्शन भट्टी लावली म्हणजे कार्बनचा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. एक किलो कोक जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आठ किलो धातूला एक किलो कोक या प्रमाणात नीट चालणारी क्युपोला टनामागे पावणेचारशे किलोच्या आसपास उत्सर्जन करते. टनाला ६०० युनिट घेणाऱ्या इंडक्शन भट्टीचा ग्रिडच्या विजेवरील आकडा सुमारे ४३० किलो होतो. तीच क्युपोला पाचास एक या प्रमाणावर घसरली की तिचा आकडा सहाशे किलोपर्यंत चढतो. क्युपोलाचा धूर आणि कामगारांच्या फुप्फुसांवर होणारा परिणाम पाहता इंडक्शन भट्टीकडे जाणे योग्यच आहे. परंतु तिचा कार्बन खरोखर कमी व्हायचा असेल, तर टनामागची युनिट आणि त्या विजेचा उगम या दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतील, हे शिकणाऱ्याला आरंभीच कळले पाहिजे.

निर्यातदारांच्या पर्यवेक्षकांना याच सत्रात आणखी एक मुद्दा समजावून द्यावा. लोखंड-पोलादाच्या वस्तूंसाठी सीबॅममध्ये सध्या प्रत्यक्ष उत्सर्जनच मोजले जाते. विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन त्यात धरले जात नाही. मात्र चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरल्या जाणाऱ्या मालात, घातलेल्या पिग आयर्नबरोबर (कच्च्या लोखंडाबरोबर) आलेले उत्सर्जन मोजले जाते, आणि ब्लास्ट फर्नेसमधून आलेल्या एक टन पिग आयर्नमागे ते दीड टनाहून अधिक असते. त्यामुळे पिग आयर्न कमी करून सीआरसी स्क्रॅप (कोल्ड रोल्ड पत्र्याचे तुकडे) आणि कार्बुरायझर (धातूतील कार्बन वाढवणारा पदार्थ) यांवर काम करण्याचे कौशल्य या कारखान्यांसाठी विशेष मोलाचे आहे. कार्बुरायझर कधी घालावा, स्लॅगमध्ये (वितळलेल्या धातूवर जमणाऱ्या मळीत) तो वाया जाऊ नये म्हणून काय करावे, स्क्रॅपमधून येणारे नको असलेले घटक कसे ओळखावेत, हे मेल्टिंग आणि स्पेक्ट्रो (धातूतील घटक तपासणारी प्रयोगशाळा) या दोन्ही विभागांना एकत्र बसवून शिकवावे. आपल्या मालाचा सीमाशुल्क क्रमांक यादीत येतो की नाही, याची खात्री निर्यातीचे काम पाहणाऱ्या एजंटाकडून आधी करून घ्यावी, कारण बिडाची प्रत्येक वस्तू त्यात येत नाही.

भट्टीच्या ओट्यावरचे शिक्षण

हा या कार्यक्रमाचा गाभा आहे आणि सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. वर्गात पडद्यावर आलेख दाखवून भट्टी चालवणे शिकवता येत नाही. पाच-सहा जणांची तुकडी चालू भट्टीजवळ उभी करून, प्रत्येक हीटची (एका वेळच्या वितळणीची) नोंद त्यांच्याकडूनच घेत शिकवावे.

बीड वितळवून सुमारे १,५०० अंशांपर्यंत नेण्यासाठी टनामागे उष्णतेच्या रूपाने लागणारी ऊर्जा चारशे युनिटच्या आसपास आहे. प्रत्यक्षात कोणी साडेपाचशेत काम भागवतो, तर कोणाला सातशेही पुरत नाहीत. ही तफावत कशातून निर्माण होते, ते एकेक करून दाखवावे. पहिले कारण चार्जची स्वच्छता. परत आलेल्या रनर-रायझरला चिकटलेली वाळू आणि स्क्रॅपवरचा गंज यांचे रूपांतर स्लॅगमध्ये होते, आणि तो स्लॅग वितळवण्यासाठीही वीज जळते; चार्जमध्ये एक टक्का असा कचरा असला तर टनामागे सुमारे दहा युनिट जादा लागतात. म्हणून रनर-रायझर शॉट ब्लास्ट करून (पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने साफ करून) मगच भट्टीत टाकण्याची सवय लावावी. दुसरे कारण झाकण. वितळलेल्या बिडाच्या उघड्या पृष्ठभागातून दर चौरस मीटरला शंभर किलोवॉटहून अधिक उष्णता बाहेर फेकली जाते. झाकण जड आहे, त्याची चेन तुटली आहे, चार्ज टाकताना ते आड येते, अशा कारणांनी ते कोपऱ्यात पडून राहते. ते हलके आणि हाताळायला सोपे करून देणे हे मालकाचे काम आहे. ते बंद ठेवणे हे भट्टीवाल्याचे.

तिसरे कारण गरजेपेक्षा जास्त तापवणे. पन्नास अंश जादा तापमानासाठी टनामागे केवळ उष्णतेपोटी अकरा-बारा युनिट जातात आणि भट्टीची गळती धरली तर त्याहून अधिक. भट्टीवाला हे अज्ञानातून करतो असे समजू नये. लेडल (धातू वाहून नेण्याचे भांडे) थंड असते, साच्यापर्यंतचे अंतर लांब असते, आणि धातू थंडावून कास्टिंग अर्धवट भरले तर बोल त्यालाच लागतात. म्हणून लेडल बर्नरवर नीट तापवणे आणि वाहून नेताना त्यावर झाकण ठेवणे आधी शिकवावे, आणि त्यानंतरच टॅपिंगचे (भट्टीतून धातू काढण्याचे) तापमान खाली आणण्यास सांगावे.

चौथे कारण थांबणे, आणि माझ्या दृष्टीने हेच सर्वांत दुर्लक्षित आहे. धातू तयार असतो, पण साचे तयार नसतात, क्रेन दुसरीकडे अडकलेली असते किंवा स्पेक्ट्रोचा निकाल आलेला नसतो, आणि तोवर भट्टी धातू गरम ठेवण्यासाठी वीज खात राहते. हीटच्या लॉगशीटमध्ये चार्जचे वजन, सुरू केल्याची वेळ, टॅपिंगची वेळ, युनिट आणि तापमान यांबरोबर ‘थांबण्याची मिनिटे’ आणि ‘थांबण्याचे कारण’ असे दोन रकाने अवश्य ठेवावेत. महिनाभराची शीट एकत्र पाहिली की जळणारी वीज भट्टीवाल्यापेक्षा मोल्डिंग, क्रेन आणि प्रयोगशाळा यांच्या वेळापत्रकाशी किती जोडलेली आहे ते उघड होते. म्हणूनच मोल्डिंगच्या सुपरवायझरला भट्टीच्या प्रशिक्षणातून वगळू नये.

एका बाबतीत कडक राहावे. भट्टीचे लायनिंग (आतील उष्णतारोधक अस्तर) पातळ झाले की वीज थोडी कमी लागते, हे अनुभवी हातांना ठाऊक असते. बचतीच्या नावाखाली लायनिंग ताणण्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ देऊ नये. लायनिंग फुटून धातू भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉइलपर्यंत पोहोचला तर माणसे जातात. ओले स्क्रॅप, तोंड बंद असलेले डबे किंवा पाइप, आणि वर अडकलेल्या चार्जखाली अतितापलेला धातू साठणे हे धोकेही याच सत्रांत शिकवावेत. चार्ज कोरडा, स्वच्छ आणि योग्य आकाराचा असणे हे विजेच्या आणि जिवाच्या दोन्ही दृष्टींनी हिताचे आहे, आणि कामगार ते जिवासाठी अधिक लवकर आत्मसात करतो.

वाळू, कोअर आणि हवा

रिजेक्शनचे मूळ बऱ्याचदा वाळूत असते. सँड प्लँटवरील माणसाला ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू किती दाबली जाते) आणि ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची मजबुती) यांच्या चाचण्या स्वतः करता आल्या पाहिजेत, आणि निकाल बिघडला की मिक्सर थांबवण्याचा अधिकारही त्याला हवा. अधिकार न देता केवळ चाचणी शिकवली तर रजिस्टर भरते आणि दोषी माल तसाच बाहेर पडत राहतो.

कंप्रेस्ड एअरसाठी एक दिवस पुरतो. सात बार दाबावर तीन मिलिमीटरच्या एका छिद्रातून वाया जाणाऱ्या हवेसाठी कंप्रेसर साधारण तीन-साडेतीन किलोवॉट वीज घेतो. सुटीच्या दिवशी यंत्रे बंद ठेवून फक्त कंप्रेसर चालवावा, गळतीचा आवाज ऐकत लाइन तपासावी आणि प्रत्येक जागी चिठ्ठी बांधावी. हे काम मेंटेनन्सच्या फिटरसोबत शिकाऊ मुलांना द्यावे.

समूहाने एकत्र का शिकवावे

‘आम्ही शिकवायचे आणि शेजारच्या फाउंड्रीने दोन हजार जास्त देऊन न्यायचे’ ही मालकांची तक्रार खरी आहे. म्हणूनच हा खर्च एकट्या कारखान्याने न करता गोशिमा (गोकुळ शिरगाव), स्मॅक (शिरोली), कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन यांसारख्या उद्योजक संघटनांनी इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या कोल्हापूर शाखेच्या साहाय्याने सामाईक करावा. सगळीकडे तेच लॉगशीट आणि तेच प्रमाणपत्र असले, तर कामगार कारखाना बदलला तरी कौशल्य पट्ट्यातच राहते. निवृत्त झालेले पण हातात कसब असलेले मेस्त्री आणि आयटीआयचे निदेशक यांची जोडी प्रशिक्षक म्हणून उत्तम. मेस्त्रीला ज्वालेच्या रंगावरून जे कळते ते निदेशक आकड्यांत मांडून देऊ शकतो. जागतिक बँक आणि जीईएफ (जागतिक पर्यावरण निधी) यांच्या साहाय्याने बीईई (केंद्राचे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) आणि सिडबी (लघुउद्योग विकास बँक) यांनी राबवलेल्या लघुउद्योग ऊर्जा प्रकल्पात कोल्हापूरचा फाउंड्री समूह होता. त्या काळातील ऑडिट अहवाल ज्या कारखान्यांकडे असतील, त्यांतील उदाहरणे अभ्यासासाठी घ्यावीत.

भट्टी आणि फेटलिंगवर बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशा येथून आलेले कामगार मोठ्या संख्येने असतात आणि त्यांतील बरेच ठेकेदाराकडे असतात. तक्ते हिंदीतही करावेत, सत्रे पाळीच्या वेळेत घ्यावीत, त्या वेळेची मजुरी कापू नये आणि ठेकेदाराला सोबत बसवावे. जे अनेक वर्षे काम करत आहेत, त्यांना पूर्वकौशल्याची नोंद करून प्रमाणपत्र मिळवून द्यावे आणि त्यानुसार वेतनात काही वाढ ठेवावी.

नव्या मुलांसाठी शिकाऊ उमेदवारीचा मार्ग आहे. १९६१ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे ठेक्याचे कामगार धरून ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ही संख्या पूर्ण करण्यापुरती मुले घेऊन त्यांना गेटवर किंवा पॅकिंगमध्ये उभे करण्याऐवजी सहा महिने मेल्टिंग, तीन महिने सँड प्लँट आणि उरलेला काळ प्रयोगशाळा व मेंटेनन्स असा क्रम लावावा, आणि लॉगशीटचे विश्लेषण करण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवावी.

यंत्र आणि सोलर यांचा निर्णय केव्हा घ्यावा

किमान सहा महिन्यांचे विश्वासार्ह आकडे हाती आल्यावर गुंतवणुकीचा विचार करावा. छपरावरील १०० किलोवॉट सोलर महिन्याला साधारण १२,००० युनिट देते, तर महिन्याला ३०० टन धातू वितळवणारी भट्टी टनाला ६०० या हिशोबाने १,८०,००० युनिट घेते. छप्पर भरूनही भट्टीच्या गरजेचा सात टक्क्यांच्या आतला वाटाच त्यातून भागतो. मोठा वाटा हवा असेल तर ओपन ॲक्सेसने (वितरण कंपनीऐवजी थेट दुसऱ्या उत्पादकाकडून) किंवा अनेक कारखान्यांनी मिळून उभारलेल्या ग्रुप कॅप्टिव्ह प्रकल्पातून वीज घ्यावी लागेल. २०२२ च्या हरित ओपन ॲक्सेस नियमांनी त्यासाठीची मर्यादा १०० किलोवॉटपर्यंत खाली आणल्यामुळे मध्यम कारखान्यांनाही हे शक्य झाले आहे. येथेही संघटनेने एकत्र वाटाघाट केली तर लहानांचा निभाव लागेल.

कार्यक्षम भट्टी, कंप्रेसर किंवा मोटारींसाठी कर्ज घ्यायचे असल्यास बीईईची जुलै २०२५ मध्ये सुरू झालेली एडीईईटीआयई योजना पाहावी. तिच्या यादीत फाउंड्री हे क्षेत्र आहे, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के, तर मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याज सवलत मिळते. मात्र किमान १० टक्के ऊर्जाबचत दाखवावी लागते. भट्टीच्या ओट्यावर भरलेली सहा महिन्यांची लॉगशीट असेल, तर बचत मोजण्याचा पाया कारखान्याकडे तयारच असतो. अर्ज करण्यापूर्वी ती ऊर्जा लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावी आणि ती भरणाऱ्या भट्टीवाल्यांना त्या बैठकीत बसवावे, कारण नवी भट्टी शेवटी त्यांनाच चालवायची आहे.