कार क्लबच्या अंकाचा संपादक बदलतोय? मग आधी एवढं करून ठेवा

दिवाळी अंक हातावेगळा झाला की बऱ्याच क्लबांमध्ये संपादक बदलायची चर्चा सुरू होते. जुना माणूस दमलेला असतो, नवीन कुणीतरी उत्साहाने हो म्हणतं, एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, टाळ्या पडतात आणि पुढच्या आठवड्यात नव्या संपादकाच्या हातात एक पेन ड्राइव्ह आणि प्रेसवाल्याचा नंबर येतो, संपलं. एवढ्यावर अंक निघतो, नाही असं नाही. पण तो अंक सभासदांचा राहतो की कमिटीचा होतो हे याच मधल्या काळात ठरतं, म्हणून ही तयारी सविस्तर लिहितेय. विंटेजवाल्यांचा क्लब असो, जीपवाल्यांचा असो नाहीतर एकाच ब्रँडच्या मालकांचा, थोडं इकडेतिकडे करून सगळ्यांना लागू पडेल.

सुरुवात करा ती कमिटीतल्या प्रत्येकाला जर्मनीच्या एडीएसीचं प्रकरण नीट समजावून सांगण्यापासून. एडीएसी म्हणजे १९०३ साली सुरू झालेला मोटारवाल्यांचा क्लब, रस्त्यात गाडी बंद पडली की पिवळी गाडी घेऊन मदतीला येतात ते हेच, म्युनिक-स्टुटगार्टकडे तुमचं कुणी असेल तर त्यांना विचारा, तिथे हे नाव माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. २०१४ च्या सुमारास यांचे सभासद होते १ कोटी ९० लाखांच्या आसपास आणि त्यांचा सभासदांसाठीचा अंक, मोटरवेल्ट, एक कोटीहून जास्त प्रती निघायचा. या अंकाचे वाचक मतं द्यायचे आणि त्यातून जर्मनांची सगळ्यात लाडकी गाडी निवडून तिला ‘गेल्बर एंगेल’ नावाचं बक्षीस मिळायचं. जानेवारी २०१४ मध्ये झ्युडडॉयचे त्साइटुंग या म्युनिकच्या पेपरने छापलं की मतांचे आकडे फुगवलेत. पहिल्या आलेल्या फोक्सवॅगन गोल्फला खरी मतं होती ३,४०९ आणि सांगितली गेली होती ३४,२९९. दोन दिवसांनी बक्षीस समारंभ होता, तिथे क्लबच्या व्यवस्थापनाने स्टेजवरून उलट पेपरलाच नावं ठेवली आणि त्यानंतर तीनच दिवसांत कबुली द्यावी लागली. राजीनामा दिला मिखाएल रामश्टेटर यांनी. फेब्रुवारीत क्लबचे अध्यक्ष पेटर मायरही गेले, पुढे डेलॉइट या ऑडिट कंपनीने तपासणी केली तेव्हा नुसते आकडेच नाही तर गाड्यांचे क्रमसुद्धा बदलल्याचं निघालं आणि कार कंपन्यांनी बक्षिसं परत करायची ठरवली.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट कुठली तर रामश्टेटर यांच्याकडे पदं दोन होती. ते अंकाचे मुख्य संपादक होते आणि त्याच वेळी क्लबचे कम्युनिकेशन प्रमुखही होते. म्हणजे आकडे त्यांच्या हातात, अंक त्यांच्या हातात, आणि बाहेरच्या पत्रकाराने शंका काढली तर क्लबतर्फे उत्तर देणारेही तेच. मधे कुणी दुसरा माणूसच नाही जो म्हणेल थांबा, एकदा मतं दाखवा. एवढ्या मोठ्या, पगारी माणसांनी चालवलेल्या संस्थेत हे झालं, आणि आपल्याकडे तर सेक्रेटरीच अंक काढतो, तोच फेसबुक पेज बघतो, तोच स्पॉन्सरला फोन करतो, कारण बाकी कुणाला वेळ नसतो. वेळ नाही हे मान्य, तरी नव्या संपादकाच्या नावावर शिक्का मारायच्या आधी बघा की तो क्लबचा प्रवक्ता नाही, स्पॉन्सरशिप आणणारा नाही आणि शक्यतो कार्यकारिणीत मत असलेला सभासदही नाही. माणसं कमीच असतील तर निदान स्पॉन्सरशिपचं काम काढून घ्या, ते सगळ्यात आधी.

मग एक कागद तयार करायचा. फार वकिली भाषेत नको, एका पानात बसेल असा, साध्या मराठीत. संपादकाची नेमणूक कोण करणार, किती वर्षांसाठी, आणि मुदतीच्या आधी काढायचं झालं तर कुणाच्या किती मतांनी. हे शेवटचं लिहायला सगळे संकोचतात, आत्ताच तर माणूस येतोय आणि आत्ताच काढायचं काय बोलायचं. पण ते लिहिलेलं नसलं की मग अध्यक्षांचा एक फोन पुरतो. मला माहितीय अशा एका क्लबात पेट्रोल पंपावरच्या भेसळीबद्दल एका सभासदाने लिहिलेला चांगला अभ्यासपूर्ण लेख पानं लावून झाल्यावर रात्री प्रेसमधून काढायला लावला, का तर पंपाचा मालक क्लबचा जुना देणगीदार. संपादकाने विचारलं कुठल्या नियमाने, तर नियमच नव्हता, कुठलाच, ना काढायचा ना ठेवायचा. त्या जागी रॅलीचे फोटो गेले. लेख लिहिणाऱ्याने नंतर काही लिहिलंच नाही आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण तो माणूस इंजिनच्या विषयावर फार सुंदर लिहायचा.

तर कागदावर हे स्पष्ट पाहिजे की छापायच्या आधी कमिटी काय बघू शकते आणि काय नाही. माझं मत सांगते, कमिटीला फक्त तीन गोष्टींसाठी पान थांबवता आलं पाहिजे, बदनामीचा दावा होईल असं काही असेल, सभासदाची खासगी माहिती असेल, किंवा हिशेबातला आकडा चुकीचा असेल. आणि थांबवायचं तर लेखी, कारण देऊन, ठरलेल्या मुदतीत, व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून नाही. ‘क्लबची प्रतिमा’ हे कारण त्यात येऊच देऊ नका, कुणीतरी मीटिंगमध्ये नक्की सुचवेल, ऐकायलाही रास्त वाटेल, पण त्या दोन शब्दांत काहीही बसतं. हा कागद एजीएममध्ये मंजूर करून घ्या आणि मंजूर झाला की नव्या संपादकाच्या पहिल्याच अंकात पूर्ण छापा, म्हणजे पुढे कुणी मोडला तर सभासदाला कळेल काय मोडलं ते.

जाहिरातींचं रजिस्टर जुन्या संपादकाकडून मागून घ्या. कुणाची बॅक कव्हरची जाहिरात किती अंकांची ठरलीय, पैसे आलेत का, आणि मुख्य म्हणजे तोंडी काय काय कबूल केलंय. जाहिरातीबरोबर एक ‘छोटासा लेख’ देऊ असं डीलरला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतंच आणि ते नव्या माणसाला पहिल्या अंकाच्या ऐन धावपळीत कळतं. अशी सगळी तोंडी आश्वासनं एकदा लिहून काढा आणि प्रत्येक डीलरला, टायरवाल्याला, इन्शुरन्सवाल्याला एकच निरोप द्या की यापुढे पैसे देऊन आलेल्या मजकुरावर वरती ठळक ‘जाहिरात’ असं छापलं जाईल. प्रेस कौन्सिलचे नियमही हेच सांगतात की जाहिरात आणि मजकूर वाचकाला वेगळे ओळखू आले पाहिजेत, तेव्हा हा काही आपला हट्ट नाहीये. एखादी जाहिरात जाईल. जाऊ दे. त्याचा अंदाज आधीच खजिनदाराला द्या आणि वर्षाचं बजेट करताना एका मोठ्या जाहिरातीशिवाय किती पानं परवडतात तो हिशेब काढून ठेवा, प्रेसमध्ये फॉर्म, म्हणजे एका कागदावर एकदम छापायचा पानांचा गठ्ठा, साधारण सोळा पानांचा असतो त्यामुळे एखाद-दुसरं पान कमी करून काही वाचत नाही, एक अख्खा फॉर्म कमी केला तर वाचतं.

गाड्यांच्या रिव्ह्यूचं वेगळं ठरवावं लागेल. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स म्हणून मासिक आहे, ते काढणारी संस्था १९३६ पासूनची, ते बाहेरच्या जाहिराती घेत नाहीत आणि टेस्ट करायच्या गाड्या डीलरकडून, आपण कोण ते न सांगता, पैसे देऊन विकत घेतात. आपल्याला ते शक्य नाही हे उघड आहे. पण निदान एवढं शक्य आहे की गाडी कुणी दिली, किती दिवस दिली, पेट्रोल कुणाचं, कंपनीने बाहेरगावी नेलं असेल तर हॉटेल कुणाचं, हे रिव्ह्यूच्या खाली दोन ओळींत छापायचं. सभासदाने स्वतःची गाडी वापरून लिहिलेला दीर्घ अनुभव असेल तर तसं लिहायचं, किती किलोमीटर झालेत ते लिहायचं, आणि तो डीलरचा नातेवाईक असेल तर तेही. एकाच ब्रँडच्या क्लबात हे जास्त अवघड आहे कारण कंपनी कार्यक्रमाला येते, टोप्या-टीशर्ट देते, नव्या मॉडेलची आधी झलक दाखवते, आणि मग गिअरबॉक्सच्या तक्रारी छापायला हात कचरतो. पण सभासदाने गाडीत दहा-बारा लाख घातलेत, त्याला गिअरबॉक्सचं वाचायचंय, टोपीचं नाही.

तुमच्या क्लबचीही काही पारितोषिकं असतील, वर्षाची गाडी वगैरे, तर मतं मोजणारी माणसं संपादकीय टीमच्या बाहेरची नेमा आणि एकूण किती सभासदांनी मत दिलं तो आकडा निकालाबरोबर छापायचा असं आत्ताच ठरवा. आकडा लहान आला तर लहान छापा. दीडशे जणांच्या क्लबात चाळीस मतं आली तर ती चाळीसच आहेत, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

निवडणुकीचं वर्ष असेल तर उमेदवारांना सारखी जागा, सारख्या साइजचा फोटो, आणि विद्यमान अध्यक्षांचं मनोगत त्या अंकापुरतं बंद. याला विरोध होईल, तरी लावून धरा. पत्रांचं पान नसेल तर सुरू करा, असेल तर टीकेचं पत्र कापताना किती कापता येईल, आणि कापलेलं पत्र लिहिणाऱ्याला आधी दाखवायचं का, तेवढं ठरवून घ्या.

आता सामानसुमान. सेकंडहँड गाडी घेताना आपण सर्व्हिस रेकॉर्ड मागतो ना, तसंच इथे सगळं मागायचं. जुने अंक कुठल्या फाइलमध्ये आहेत ते आधी उघडून बघा, नुसतं पेन ड्राइव्हवर नाव दिसतंय म्हणून खूश होऊ नका. मराठी अंकांचा मोठा घोळ म्हणजे जुना मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो, कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या युनिकोडमध्ये नाही, आणि तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. जुना डीटीपीवाला ओळखीचा आहे तोवर त्याच्याकडून सगळ्या अंकांच्या पीडीएफ करून घ्या आणि महत्त्वाचे लेख युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या. कन्व्हर्ट केल्यावर जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, त्यामुळे कुणीतरी बसून प्रूफ वाचायला हवं, आणि क्लबात निवृत्त शिक्षक असतातच, त्यांना विनंती करा, आनंदाने करतात. फोटो मूळ रिझोल्यूशनचे मागा, व्हॉट्सॲपवरून आलेले छपाईला चालत नाहीत. ईमेलचे, ड्राइव्हचे पासवर्ड क्लबच्या नावाच्या अकाउंटवर आणा, कुणाच्या वैयक्तिक जीमेलवर ठेवू नका.

लेख आणि फोटोंच्या परवानगीचं फार कुणी बघत नाही. सभासदाने हौसेने पाठवलेल्या लेखाचा कॉपीराइट त्याचाच असतो, क्लबकडे कायमचा द्यायचा तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सहीचा कागद लागतो आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. अंकात छापायला आणि वेबसाइटवर ठेवायला परवानगी, असा चार ओळींचा फॉर्म करा, लेख आला की भरून घ्या. आणि अंकाचं शीर्षक रजिस्टर असेल तर संपादक बदलल्याची नोंद प्रेस रजिस्ट्रारकडे करावी लागेल, जुना १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा लागू झालाय, काम ऑनलाइन होतं, एखाद्या सीएला किंवा जाणकाराला विचारून घ्या आणि अंकातली प्रकाशक-मुद्रक-संपादकाची ओळ त्याप्रमाणे बदला.

कागदावर काढायचा की फोनवर पाठवायचा हा वाद नव्या संपादकाच्या डोक्यावर लगेच टाकू नका. एडीएसीनेसुद्धा २०२० पासून मोटरवेल्ट दरमहाऐवजी वर्षातून चारदा केला, काढायचं काम बुर्डा या प्रकाशनसंस्थेबरोबर सुरू केलं आणि घरी पोस्टाने पाठवण्याऐवजी सभासदांनी दुकानातून कार्ड दाखवून न्यायची सोय केली. खर्च वाचतो हे खरंच आहे. पण अंक बाहेरच्या कंपनीकडे सोपवायचा तुमचा विचार असेल तर आधी ठरवा की मजकुरावर शेवटची सही कुणाची, कारण छपाई आणि जाहिराती एकाच कंपनीकडे गेल्या की मजकुराबद्दल तीच कंपनी बोलायला लागते. ज्येष्ठ सभासदांसाठी छापील प्रती ठेवायच्या असतील तर कुणाला हव्यात ते फोन करून विचारा, फॉर्म भरा म्हणून लिंक पाठवली तर नेमके तेच सुटतात.

जुन्या संपादकाबरोबर एक अख्खी दुपार बसा, नव्याला घेऊन, कमिटीतलं कुणी नको. कुठला लेख अर्धा आहे, कुणाला काय शब्द दिलाय, कोण रागावलंय, कुठला लेखक आठवण केली की लगेच लिहितो, ही माहिती कुठल्याच फाइलमध्ये नसते. शक्य असेल तर पहिला अंक दोघांनी मिळून काढावा आणि दुसऱ्यापासून जुन्याने पूर्ण बाजूला व्हावं, विचारलं तरच सांगावं. पहिल्या अंकाची डमी, म्हणजे नमुना प्रत, तयार झाली की प्रेसला जायच्या आधी दोन साध्या सभासदांना वाचायला द्या, कमिटीत कधीच नसलेल्या, आणि त्यांना एवढंच विचारा की यातलं कुठलं पान पैसे घेऊन छापल्यासारखं वाटतंय. ते ज्या पानावर बोट ठेवतील तिथे ‘जाहिरात’ छापलंय का बघा, नसेल तर छापा नाहीतर ते पान काढा, आणि मग पाठवा प्रेसला.