परदेशातून जुना कॅमेरा मागवताना विक्रेत्याला काय काय विचारायचं

परदेशातून मागवलेला माझा पहिला कॅमेरा दिसायला देखणा होता. विक्रेत्याने वर्णनात 'चालू स्थितीत' एवढंच लिहिलं होतं आणि मी त्यावर विसंबले. पार्सल उघडून लेन्स खिडकीकडे धरली, तर आतल्या काचेवर बुरशीची जाळी पसरलेली. परत पाठवायचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जात होता, म्हणून तो ठेवून घ्यावा लागला. त्यानंतर जपानहून ऑलिंपस ओएम-१ हा जुना फिल्म कॅमेरा मागवला, तेव्हा पैसे भरण्याआधी आठ दिवस फक्त प्रश्न विचारत होते. तो कॅमेरा मी आजही वापरते.

'सगळं ठीक आहे ना?' असं विचारलं की उत्तर 'हो' असंच येतं. कॅमेरा आपल्या हातात नसतो, म्हणून विक्रेत्याला काहीतरी करून दाखवायला लावणारा प्रश्न विचारायचा. लेन्स काढा, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडा, एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने जरा तिरका फोटो काढा. धूळ सुट्या ठिपक्यांसारखी दिसते आणि थोडी असली तर फोटोवर परिणाम होत नाही. बुरशी मात्र बारीक फांद्या फुटल्यासारखी दिसते आणि काचेवरचा लेप कुरतडते. साफ केली तरी खुणा राहू शकतात. तिसरा प्रकार म्हणजे काचेवर सगळीकडे सारखी पसरलेली धूसरता. तिच्यामुळे उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो फिके येतात.

मग शटर, म्हणजे फोटो काढताना क्षणभर उघडणारा पडदा. मागचं झाकण उघडून, लेन्स काढून, कॅमेरा उजेडाकडे धरायला सांगा आणि १ सेकंद व १/१००० सेकंद अशा दोन्ही वेगांचा व्हिडिओ मागा, दुसरा स्लो मोशनमध्ये. १ सेकंदाचा आवाज अडखळत, ओढल्यासारखा आला तर आतली वंगणं सुकली असावीत. १/१००० ला उजेडाची फट चौकटीभर सरकताना दिसली पाहिजे. एका कडेला अंधारच राहत असेल, तर फोटोची ती बाजू काळी येणार.

ओएम-१ साठी मी आणखी एक फोटो मागितला होता: पांढऱ्या भिंतीकडे रोखून, व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीतून, काढलेला. या कॅमेऱ्यात प्रिझमला (व्ह्यूफाइंडरपर्यंत चित्र पोचवणाऱ्या काचेला) लागून फोमची पट्टी असते. वर्षांनुवर्षांत ती चिकट होते आणि प्रिझमचा मुलामा खाते. मग व्ह्यूफाइंडरमध्ये काळपट ओघळ दिसतो. माझ्या विक्रेत्याने फोटो पाठवला, चौकट स्वच्छ होती, तेव्हाच मी पैसे भरले.

लाइट मीटर (उजेड मोजणारा भाग) कोणत्या सेलवर तपासला, हेही विचारा. १९७० च्या दशकातले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले आहेत. आज मिळणारा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो आणि वापरताना त्याचा दाब उतरत जातो, त्यामुळे मीटर चुकीचं सांगतो. मी श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल बारीक कडं लावून बसवते. त्याचा दाब १.४ च्या आसपास स्थिर राहतो.

डिजिटल कॅमेऱ्याचं थोडक्यात: शटर किती वेळा पडलं तो आकडा मागा. मेन्यूत कोणत्या भाषा आहेत त्याचा फोटो मागा, कारण जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या काही मॉडेलांत फक्त जपानी भाषा असते. वॉरंटी तुमच्या देशात चालते का, ते लेखी घ्या. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागते.

आता पैसे. किंमत पाहून हुरळून जाऊ नका, घरपोच आकडा काढा. बऱ्याच देशांत सीमाशुल्क नुसत्या किमतीवर नाही, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं, आणि त्या शुल्कासह झालेल्या रकमेवर पुन्हा कर. समजा कॅमेरा १०० ला आहे, वाहतूक-विमा २०, शुल्क १० टक्के आणि कर २० टक्के. १२० वर शुल्क १२, मग १३२ वर कर २६.४, घरी येईपर्यंत १५८.४. कुरियरची हाताळणी फी वेगळी. तुमच्या देशाचा दर कस्टम्सच्या दरपत्रकात शोधताना फिल्म कॅमेरा ९००६, डिजिटल ८५२५ आणि सुटी लेन्स ९००२ या शीर्षकांखाली पाहा. पैसे कार्डाने किंवा खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गाने भरा. थेट बँक खात्यात पैसे मागणाऱ्याला मी नकार देते.

काही विक्रेते आपणहून विचारतात, 'भेटवस्तू लिहू का? किंमत कमी दाखवू का?' स्पष्ट नाही म्हणा. ती खोटी माहिती ठरते, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही त्या कमी आकड्यावरच अडते. टपालाने येणाऱ्या अशा पार्सलवर सहसा सीएन २३ हा कस्टम्सचा फॉर्म असतो. त्यावर 'वापरलेला फिल्म कॅमेरा' आणि खरी किंमत लिहायला सांगा. पावतीची प्रत स्वतःकडे ठेवा; कस्टम्सने अडवलं तर पार्सल सोडवायला तीच लागते.

डिजिटल कॅमेऱ्याची लिथियम बॅटरी कॅमेऱ्यासोबतच पाठवायला सांगा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून मनाई आहे.

पॅकिंगबद्दल मी नेहमी चार ओळी लिहून पाठवते. लेन्स बॉडीवरून काढून दोन्ही टोकांना झाकणं लावा. शटर चढवलेलं (पुढच्या फोटोसाठी ताणून ठेवलेलं) ठेवू नका. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या गुंडाळा. खोक्यात खोकं घाला आणि मधली पोकळी घट्ट भरा. विक्रेते हे मनापासून करतात, फक्त सांगावं लागतं.

पार्सल आल्यावर लगेच उघडू नका. थंड गोदामातून गरम खोलीत आलेल्या काचेवर दव धरतं, म्हणून काही तास ते तसंच राहू द्या. मग पत्त्याच्या लेबलापासून सुरुवात करून, न थांबता व्हिडिओ घेत उघडा आणि विक्रेत्याकडून करून घेतलेल्या सगळ्या तपासण्या त्याच दिवशी स्वतः करा. परताव्याची मुदत सहसा पार्सल मिळाल्यापासून मोजतात, म्हणून फिल्मचा एक रोल आधीच आणून ठेवा. तो लगेच संपवून धुवायला द्या आणि निगेटिव्हच्या कडांपर्यंत उजेड शिरलाय का ते पाहा. तोवर विक्रेत्याला 'पार्सल मिळालं, तपासते आहे' एवढंच कळवा.